कानामागून आला आणि काळा झाला

बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या माणसाला जनतेचं दर्शन वरून घडतं. गिऱ्हाईक स्लिप भरायला वाकतं, सही करायला वाकतं, 'अहो, इथे नाही, खालच्या रेघेवर' म्हटलं की आणखी वाकतं, आणि दर वाकण्याला त्याचा भांग माझ्यासमोर येतो. चोवीस वर्षांच्या नोकरीत मी जेवढे भांग पाहिले तेवढे गुलमंडीवरच्या एखाद्या केशकर्तनालयानंही पाहिले नसतील. चेहरा माणसाला सांभाळता येतो, भांग येत नाही. भांग म्हणजे खात्याचा उतारा. केस महिन्याकाठी साधारण एक सेंटिमीटर वाढतो, एवढं एक गणित ठाऊक असलं की पुढचं सोपं. मुळाशी दीड सेंटिमीटर पांढरं, त्याच्यावर तांबूस, टोकाला काळं असं दिसलं की समजावं, शेवटचा हप्ता दीड महिन्यापूर्वी भरलेला आहे आणि पुढचा थकला आहे.

नोव्हेंबरात तर फारच मजा. पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. कागदावरचा फोटो पांढऱ्या केसांचा आणि समोरचा माणूस काळ्याभोर केसांचा! निवृत्तीनंतर बारा वर्षांनी गृहस्थ एवढा तरुण होऊन आल्यावर त्याच्या हयातीबद्दल शंका घ्यायला जागाच राहत नाही. शंका एवढीच येते, की हा तोच की त्याचा मुलगा?

मी हसतो ते मनात. कारण मीही रंगवतो. एकेचाळिसाव्या वर्षी सिटी बसमध्ये कॉलेजातल्या एका सुस्वभावी मुलानं उठून 'आजोबा, बसा' म्हणून जागा दिली. मी बसलो. जागा कशाला सोडायची? पण उतरलो तो थेट दुकानासमोर.

तसं पाहिलं तर आमच्या शहराला वरून रंगसफेदी करण्याचं वावडं नाही. बीबी का मकबरा पाहा. खाली कमरेइतका संगमरवर, वर घुमट संगमरवराचा, आणि मधल्या भागाला पांढराशुभ्र गिलावा. लांबून सगळं एकच वाटतं. साडेतीनशे वर्षं लोक 'दख्खनचा ताज' म्हणून तिकीट काढून बघताहेत, कुणी जवळ जाऊन भांग पाडून बघत नाही. शहराचं नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं, पासबुकावरचे पत्ते बदलले, पण गुलमंडीशेजारची रंगारगल्ली अजून रंगारगल्लीच आहे. शिवाय शेजारी पैठण. तिथल्या पैठणीचा रंग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो आणि आमच्या डोक्यावरचा तीन आठवडे टिकत नाही, याचं वैषम्य वाटून मी एकदा या विषयाचा अभ्यास केला. कॉमर्सचा माणूस रसायनशास्त्रात शिरला की त्याला सगळीकडे ठेवी आणि व्याजच दिसतं, हे आधी सांगून ठेवतो.

डायच्या पुडीत जो मुख्य ऐवज असतो त्याचं नाव पॅराफेनिलिनडायअमिन. एका श्वासात म्हणता आलं तर फुप्फुसं ठीक आहेत असं समजायला हरकत नाही. म्हणणं जमत नसेल तर पीपीडी म्हणावं. केसाला रंग देण्याचा त्याचा गुण हॉफमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८६३ साली नोंदवला. पुढे १९०७ मध्ये पॅरिसला युजीन श्युलर नावाच्या तरुण केमिस्टनं रात्री घरी रंग कालवायचा आणि दिवसा न्हाव्यांना विकायचा असा धंदा मांडला. त्याचीच पुढे 'लॉरियाल' कंपनी झाली. म्हणजे घरच्या घरी डाय कालवण्याची परंपरा चांगली शंभर वर्षांवरची आहे. आपण उगाच ओशाळतो.

याचं काम चालतं ते असं. पीपीडीचे कण स्वतः बिनरंगाचे आणि अगदी बारीक. अमोनियासारखा क्षार केसाची खवलं उघडतो, हे कण आत शिरतात, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड भेटला की एकमेकांना धरून मोठे होतात, काळे होतात, आणि मग बाहेर पडता येत नाही. थोडक्यात, किरकोळ बचत आत जाऊन तिची मुदत ठेव होते. इथवर उत्तम. केस मेलेलाच असतो, त्याला कशाचंच काही वाटत नाही. पण केस ज्या कातडीत उभा असतो ती जिवंत असते, आणि तिला वाटतं.

आमच्या साडूंच्या कातडीला वाटलं.

साडू वाळूजच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात तेवीस वर्षं होते. एक दिवस ते खातंच बंद झालं. वय एक्कावन्न, धाकटी मुलगी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. चार महिने अर्ज केल्यावर शेंद्र्याच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं, सोमवारी सकाळी दहाला. शनिवारी रात्री साडूंनी डाय केला. त्यात नवल नव्हतं, आठ वर्षं करत होते. कोपऱ्यावरच्या दुकानात नेहमीची पुडी नव्हती म्हणून दुसरी आणली, एवढाच फरक. रविवारी कानाच्या पाळीला आणि मानेला खाज सुटली. त्यांनी खोबरेल तेल चोळलं. घरात कुणाला सांगितलं नाही. नोकरी गेलेल्या माणसाला घरात आणखी एक तक्रार सांगायची चोरीच असते.

सोमवारी उठले तेव्हा कपाळ पोळीसारखं फुगलेलं, डोळ्यांच्या जागी दोन रेघा. तरीही गृहस्थ टाय लावून, काळा गॉगल घालून रिक्षानं शेंद्र्याला गेले. फाटकावरच्या सिक्युरिटीनं आधार कार्ड मागितलं, फोटो पाहिला, तोंड पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला, आणि म्हणाला, "साहेब, हे तुम्ही नाहीत." आता त्याचंही बरोबर होतं. मी त्या खुर्चीवर असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

तिथून त्यांनी मला फोन केला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी त्यांना घेऊन कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "लावायच्या आधी टेस्ट केली होती का?"

साडू म्हणाले, "डॉक्टर, आठ वर्षं लावतोय."

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाले.

मला आधी ते चेष्टेवारी वाटलं. पण ते खरंच तसं असतं. ही ॲलर्जी पहिल्या दिवशीच होते असं नाही. कातडी दर वेळी मुकाट्यानं नोंद ठेवते. पाच वर्षं, आठ वर्षं, कधी वीस वर्षं काही बोलत नाही, आणि एक दिवस अचानक सगळी थकबाकी एकदम काढते. एकदा काढली की खातं कायमचं बंद. पुढे पुन्हा लावलं की दर वेळी सूज, आणि ती आधीपेक्षा जास्त असू शकते. श्वासाला त्रास व्हायला लागला, जीभ-घसा सुजला, तर खोबरेल तेल आणि 'बघू उद्या सकाळी' हे दोन्ही बाजूला ठेवून रात्रीच्या रात्री दवाखाना गाठावा, हे डॉक्टरांनी साडूंना उद्देशून आणि माझ्याकडे पाहत सांगितलं. माझे केस त्या दिवशी ताजे काळे होते.

पुढे साडूंच्या पाठीवर बारीक बारीक डब्यांच्या पट्ट्या चिकटवून तपासणी झाली. पट्ट्या दोन दिवस काढायच्या नाहीत, पाठ भिजवायची नाही. आमच्या शहरात दोन दिवस आंघोळ नसलेला माणूस वेगळा ओळखू येत नाही, त्यामुळे ते निभावलं. पीपीडीच्या खाली लालभडक चौकोन उठला. डॉक्टरांनी एका कागदावर ते नाव लिहून दिलं आणि सांगितलं, हा कागद खिशात ठेवा. काही सुन्न करणारी मलमं, काही गडद कपड्यांचे रंग यांनाही याच घराण्यातली रसायनं असतात, तेव्हा जपून.

मुलाखतीचं म्हणाल तर कंपनी 'कळवू' म्हणाली. त्याला आता दोन वर्षं होतील.

साडू सध्या जाधववाडीच्या मोंढ्यात एका अडत दुकानावर हिशेब लिहितात. पगार पूर्वीच्या निम्मा. केस आता पूर्ण पांढरे. दुकानाचे मालक म्हणतात, पांढऱ्या केसाचा मुनीम बसवल्यापासून शेतकरी पट्टीवरचा आकडा दोनदा मोजत नाहीत. साडूंना हे ऐकून बरं वाटत असावं. मला त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्या प्रकरणानंतर मी घरी येऊन आमची पुडी काढली आणि तिच्यावरचा मजकूर वाचला. वाचणं हा माझा व्यवसायच आहे. कर्जाच्या कागदावरची शेवटची ओळ अर्जदार वाचत नाही, जामीनदार वाचत नाही, मॅनेजर तर मुळीच वाचत नाहीत, ती मी वाचतो. पुडीवर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की कातडीला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करा, आणि भुवयांना किंवा पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं. ही कंपनीची मेहेरबानी नव्हे. १९४५ सालच्या औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांतच हेअर डायवर काय छापायचं ते घालून दिलेलं होतं, इंग्रजीत आणि स्थानिक भाषांतही. कानामागची किंवा कोपराच्या आतल्या बाजूची थोडी जागा धुवायची, कालवलेल्या रंगाचा ठिपका लावायचा, वाळू द्यायचा आणि चोवीस तास थांबायचं. डॉक्टर लोक आता अठ्ठेचाळीस म्हणतात, कारण ही सूज सावकाश येणारी आहे. आणि शेवटचं वाक्य, जे वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो: ही चाचणी प्रत्येक वेळी करायची.

प्रत्येक वेळी! घरात हे कुणालाच पटेना. मला मात्र लगेच पटलं. वीस वर्षांचं खातं असलं, खातेदार रोज 'काय साहेब, चहा घेतला का' म्हणत असला, तरी प्रत्येक चेकवरची सही ताडून पाहावीच लागते. मागचे दोनशे चेक बरोबर होते हा दोनशे एकाव्या चेकचा पुरावा होत नाही. कंपनीनं पुडीतला मसाला बदलला असेल, आपली कातडी बदलली असेल. दोघंही आपल्याला नोटीस देत नाहीत.

तेव्हापासून महिन्यातून एका गुरुवारी संध्याकाळी माझ्या उजव्या कानामागे वाटाण्याएवढा काळा ठिपका असतो. गुरुवारी का, तर बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी, आणि गुरुवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ बरोबर अठ्ठेचाळीस तास. पण शुक्रवार आडवा येतो. शुक्रवारी ठिपक्यासकट ड्यूटीवर जावं लागतं. पहिल्या शुक्रवारी आमचे हेडकॅशियर माझ्यामागून गेले, थांबले, आणि 'रिझर्व्ह बँकेचा शिक्का का?' म्हणून पुढे गेले. त्यांचं मी मनावर घेत नाही. पण फुलंब्रीकडच्या एक आजी पेन्शन काढायला आल्या होत्या. मी मागच्या कपाटातून रजिस्टर काढायला वळलो, तेवढ्यात त्यांना तो दिसला.

"आरं लेकरा, कानामागं तीट कुणी लावली?"

आता सेहेचाळीस वर्षांच्या माणसानं काय सांगावं? मी म्हटलं, "बायकोनं."

"माय न्हाई का?"

"गेली, तीन वर्षं झाली."

आजींनी काउंटरच्या फटीतून हात आत घातला, माझ्या डोक्यावरून उतरवून कानशिलावर बोटं कडाकडा मोडली, आणि पैसे न मोजताच निघून गेल्या. आमच्या शाखेत आजवर पैसे न मोजता गेलेलं ते एकच गिऱ्हाईक.

चाचणी पार पडली म्हणजे शनिवार मोकळा झाला असं नाही. अजून पाणी आहे. पैठणला नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर, धरण १९७६ मध्ये पुरं झालेलं, आणि आमच्या सिडकोत नळ कधी पाचव्या दिवशी येतो, कधी आठव्या. डाय धुवायला पाणी लागतं, आणि ते निवळ पाणी उतरेपर्यंत लागतं, कारण मागे राहिलेला रंग कातडीवरच बसतो. अर्धवट धुऊन 'बाकीचं उद्या नळ आल्यावर' ही सोय इथे नाही. म्हणून सुटीचा शनिवार, नळाचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तास यांचा लसावि काढावा लागतो. शाळेत लसावि शिकताना मास्तरांना विचारलं होतं, याचा पुढे उपयोग काय? मास्तर म्हणाले होते, 'कळेल.'

प्रत्यक्ष समारंभ न्हाणीघरात नव्हे, मागच्या गॅलरीत होतो, वारा खेळता राहावा म्हणून. वास डोक्यात जातो. त्या दिवशी सकाळी डोकं घासून धुवायचं नाही, खाजवून काढलेलं असेल किंवा कुठे कापलं असेल तर तो महिना सोडून द्यायचा. कपाळाच्या कडेनं, कानांवर, मानेवर व्हॅसलीनचा जाड थर. पुडीतले पातळ हातमोजे फाटके निघतात म्हणून मी औषधाच्या दुकानातून वेगळे आणतो. वाटी प्लॅस्टिकची, कारण पेरॉक्साइडचं आणि धातूचं जमत नाही. आमच्या हिनं त्या वाटीवर खिळ्यानं फुली मारून ठेवली आहे, पुढेमागे तिच्यात चटणी वाढली जाऊ नये म्हणून. लागेल तेवढंच कालवायचं. उरलेलं बाटलीत बंद करून ठेवायची काटकसर करू नये, आत वायू धरून बाटली फुगते आणि कपाटात फुटते. आणि मिनिटं पुडीवर लिहिली असतील तेवढीच. दहा मिनिटं जास्त ठेवलं तर जास्त काळे होतील हे गणित चुकीचं आहे, जास्त होतं ते फक्त कातडीचं भाजणं. पुड्या मी लॉकरच्या किल्लीबरोबर कुलपात ठेवतो. पोरांच्या पोटात गेली तर ही चीज जिवावर बेतते, आणि ह्यात विनोद करण्यासारखं काही नाही.

डब्यावर मोठ्या अक्षरांत 'अमोनिया नाही' असं लिहिलेलं असतं त्याला भुलू नये. ते प्रोसेसिंग फी माफ केल्यासारखं आहे. मूळ व्याज, म्हणजे पीपीडी, आत असू शकतंच. तशीच ती 'हर्बल काळी मेंदी, दहा मिनिटांत'. खऱ्या मेंदीत लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ते तांबडं-नारिंगी रंगवतं, राजस्थानातल्या सोजतची उंची मेंदी असली तरी. मेंदी नुसती काळी होत नाही. दहा मिनिटांत काळी झाली तर तिच्या पोटात दुसरं कुणीतरी आहे, आणि ते बहुधा पीपीडीच. लग्नात पोरींच्या हातावर काळ्या मेंदीची नक्षी काढतात तिच्यातूनही ही ॲलर्जी विसाव्या वर्षीच बसू शकते, आणि उमगते ती चाळिशीत पहिली पुडी फोडल्यावर.

आमची ही पहिल्यापासून पानांवरची. आदल्या रात्री चहाच्या पाण्यात भिजवलेली मेंदी, दुसऱ्या दिवशी ती धुऊन वर निळीच्या पानांची पूड. कपड्यांची नीळ नव्हे, झाडाची. दोन्ही मिळून गडद तपकिरी, जवळजवळ काळा रंग येतो. चार तास जातात, दोन बादल्या पाणी जास्त लागतं, आणि त्या दिवशी घरात वरणभातावर भागवावं लागतं. मी हसायचो.

गेल्या महिन्यातल्या गुरुवारी नेहमीप्रमाणे ठिपका लावला. शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुटीत कानामागे थोडं चुरचुरलं. वाटलं, घाम असेल. शनिवारी सकाळी हिनं मला गॅलरीत उजेडात उभं केलं, आपल्या हातातला आरसा माझ्या मागे धरला आणि काही बोलली नाही. आरशात दिसलं ते एवढंच: वाटाण्याएवढ्या ठिपक्याभोवती रुपयाएवढं लाल वर्तुळ, आणि त्याच्यावर चार बारीक पुटकुळ्या. पाच वर्षांत पहिल्यांदा सही जुळली नाही.

जागा धुतली. डॉक्टरांनी मलम दिलं, आणि साडूंना दिला होता तसाच एक कागद मलाही दिला. कुलपातल्या तीन पुड्या बाहेर काढल्या. साडूंना फोन केला तर ते बराच वेळ हसत होते. दोन वर्षांत त्यांचं एवढं हसू मी ऐकलं नव्हतं.

आज माझ्या भांगात दीड सेंटिमीटर पांढरं आहे. काल रात्री हिनं आपली मेंदी भिजवली, निळीची पूड काढली, आणि दोन्हीची चिमूट चिमूट एका बशीत घेऊन माझ्यापुढे आली. बाजारच्या पुडीत भेसळ नसेलच असं कसं सांगावं, म्हणून.

"मान वळवा," ती म्हणाली. "हा नव्हे. आता डावा कान."